दुखण्याची साक्ष

इतिहास कोणी लिहिला, हा प्रश्न दलित साहित्याने फार पूर्वीच विचारला. ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांना लेखणी धरू दिली नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना ह्या माणसांना काही विचारावेसे वाटले नाही, हे त्याचे उत्तरही आपण एव्हाना जाणतो. पण हाच प्रश्न आपण वैद्यकाच्या इतिहासाला क्वचितच विचारतो. रोगाचा इतिहास म्हणजे डॉक्टरांचा इतिहास, असे आपण निमूटपणे मान्य करतो. अमक्या साली अमक्याने रोग शोधला, असे पुस्तकात छापलेले असते. त्या सालापूर्वीही तो रोग कोणाच्या तरी हाडांत होता, कोणाच्या तरी मांडीवर कण्हत होता आणि त्या मांडीला त्याची चाल ठाऊक होती, हे मात्र त्या पुस्तकात नसते.

'ज्याचे जळते त्याला कळते' अशी आपल्या भाषेत म्हण आहे. ज्याला कळते त्याच्या शब्दाला साक्षीची किंमत केव्हा मिळाली, केव्हा नाकारली गेली आणि का, एवढेच मला ह्या लेखात तपासायचे आहे. त्यासाठी मी सिकलसेल ह्या रोगाचा इतिहास घेतला आहे. माझे घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे, बौद्ध. वडील नोकरीसाठी मुंबईला आले, आणि मुंबईची खोली परवडेना तेव्हा आम्ही विरारच्या गाडीने मागे सरकत सरकत नालासोपाऱ्याला स्थिरावलो. विदर्भातल्या आमच्या लोकांत हा रोग आहे. आणि आम्ही ज्या पालघर जिल्ह्यात येऊन राहिलो त्या जिल्ह्यातल्या वारली-कोकणा आदिवासींतही तो आहे. म्हणजे आम्ही गाव सोडले, पण रोगाने आम्हांला इथे नवे सोयरे दिले.

१

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. येथील ज्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा किल्ला म्हणत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरले आणि आतून स्तूप निघाला. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ साली सापडला. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेच हे साल. हे दोन्ही लेख इतरत्र पूर्ण वाचायला मिळतात. आठव्यात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. आपण धम्मयात्रा सुरू केल्या, आणि त्या यात्रांत खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणे व त्यांच्याशी बोलणे असते. नवव्यात तो आजारपणात, लग्नात, बाळंतपणात आणि प्रवासाला निघताना लोक जी नाना प्रकारची मंगलकर्मे करतात त्यांचे फळ थोडे असल्याचे सांगतो, आणि दास व चाकर ह्यांना नीट वागवण्यासारखे धम्ममंगल मोठे मानतो. लोकांकडे जाऊन बोलावे आणि आजारात निष्फळ विधींत अडकू नये, ह्या दोन्ही गोष्टी सोपाऱ्याच्या दगडावर कोरलेल्या होत्या.

ह्याच परंपरेतली विनयपिटकातील महावग्गाची एक कथा आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह तिथे आले. त्यांनी प्रथम त्या रोग्यालाच विचारले: तुला काय होते आहे? तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे का? नाही तर का नाही? भिक्खूने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी आणि आनंदाने त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून त्यांनी समजावले की, इथे तुम्हांला ना आई ना बाप. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रोग्याची करावी.

ही कथा आपल्या विहारांत सांगितली जाते. तिच्या पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. तिथे चांगला रोगी कोण आणि चांगला शुश्रूषक कोण ह्याची लक्षणे दिली आहेत. रोग्याचे एक लक्षण असे की, तो आपले दुखणे आहे तसे सांगतो; वाढत असेल तर वाढते आहे, उतरत असेल तर उतरते आहे, तसेच असेल तर तसेच आहे. इथे रोग्याच्या सांगण्याला धर्मनियमाचे स्थान मिळाले आहे. सांगणे हे त्याचे कर्तव्य. आणि हिताची इच्छा करणाऱ्याला सांगावे, असे म्हटल्यावर ऐकणे हे आपोआप दुसऱ्याचे कर्तव्य होते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही व्यवस्था साधी होती: एकाने खरे सांगायचे आणि दुसऱ्याने ते खरे मानायचे.

२

ही व्यवस्था जातीने मोडली. रोग्याचा शब्द ऐकायचा तर त्याच्याजवळ जावे लागते, आणि जवळ जायला तर मनाई. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. जुलाब होऊ लागले, छाती भरली, श्वास कोंडला. डॉक्टर हरिजनाच्या घरी यायला तयार होईना. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, पण वस्तीच्या बाहेर तपासीन ह्या अटीवर. ओली बाळंतीण तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणावी लागली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाच्या हाती, शिक्षकाने बायकोला. आणि ह्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया ठरवला आणि तो निघून गेला. औषध त्याने नंतर पाठवले, पण पुन्हा पाहायला तो आला नाही. ती बाई दगावली.

हे पत्र आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो, ते योग्यच आहे. पण शुश्रूषकाची साक्ष म्हणूनही ते एकदा वाचून पाहावे. त्या नवऱ्याने दुखण्याचा क्रम, छातीची अवस्था, बरगड्यांतल्या वेदना, डॉक्टरची वेळ, फी, औषध हे सारे टिपून ठेवले आहे. एखाद्या चांगल्या डॉक्टरने लिहावा तसा हा रोगवृत्तान्त आहे. डॉक्टरकडे मात्र पाऱ्याच्या एका रेघेपलीकडे काही नव्हते. रोग जवळून पाहिला तो नवऱ्याने, आणि रोगाला नाव दिले ते दुरून पाहणाऱ्याने. ज्ञान एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, ही फाळणी जातिव्यवस्थेत आपल्याला सगळीकडे दिसते. इथे तिने एका बाळंतिणीचा जीव घेतला.

३

सिकलसेलच्या इतिहासाची सुरुवातही अशाच फाळणीने झाली. ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल हा काळा तरुण दंतवैद्यक शिकायला १९०४ साली शिकागोला आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी रुग्णालयात दाखल झाला. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स ह्याने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक ह्यांनी १९१० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. वैद्यकाच्या पुस्तकांत रोगाचा जन्म इथे नोंदवलेला आहे. त्या निबंधात नोएलचे नाव नाही. तो वीस वर्षांचा एक निग्रो आहे. नोएल दंतवैद्य झाला, १९०७ साली मायदेशी परतला आणि १९१६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला. आपल्या रक्ताने वैद्यकात एक प्रकरण सुरू झाल्याचे त्याला कोणी कळवले असेल असे वाटत नाही. त्याचे नाव इतिहास-संशोधकांनी शोधून छापले ते १९८९ साली.

पण रोगाचा जन्म १९१० चा नव्हेच. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-अहुलु ह्यांनी दाखवून दिले की, पश्चिम आफ्रिकेतल्या लोकभाषांत ह्या रोगाला जुनी नावे होती. गा भाषेत 'च्वेच्वेच्वे', त्वी भाषेत 'अहोतुतुओ'. आपल्याकडे जसे आपण 'ठणठण' किंवा 'चमचम' म्हणतो तशी ही नावे. हाडे पुन्हा पुन्हा कुरतडली जातात तो ठेका त्यांत आहे. थंडी-पावसात सांधे धरतात आणि एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या दुखणे चालते, हे त्या लोकांना ठाऊक होते. कोनोटे-अहुलु ह्यांचे आईवडील दोघेही वाहक होते आणि भावंडांत रोग होता. घरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोणाला दुखत होते हे नावानिशी सांगत, त्यावरून त्यांनी आपल्या घराण्यातला रोग १६७० पर्यंत मागे नेऊन दाखवला. हेरिकच्या सूक्ष्मदर्शकाआधी २४० वर्षे! ते स्वतः डॉक्टर होते आणि रोग्यांच्या घरातलेही होते. त्यांचे ज्ञान थोर ठरले ते ह्या दोन बाजू एका माणसात मिळाल्या म्हणून.

४

भारतात हा रोग प्रथम नोंदला गेला १९५२ साली, लेहमान आणि कटबुश ह्यांनी निलगिरीच्या आदिवासींत. त्यांना कुतूहल होते ते वंशाचे: हे लोक कोठून आले, आफ्रिकेशी त्यांचा संबंध काय? हाडे कधी दुखतात, हा त्यांचा प्रश्न नव्हता. पुढे १९५८ साली शुक्ल आणि सोलंकी ह्यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, आणि नागपूर-विदर्भ ह्या रोगाच्या नकाशावर आला. त्यानंतरच्या अनेक अहवालांत तक्ते आहेत. तक्त्यात जातीचे नाव आणि त्यापुढे टक्के. ज्या लोकांनी १९५६ साली नागपुरात जात टाकली, त्यांची जात वैद्यकाने रक्ताच्या थेंबात पुन्हा नोंदवून ठेवली. संशोधकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. कोणत्या समाजात रोग अधिक आहे हे कळल्याशिवाय दवाखाने कोठे काढायचे ते कळणार नाही. पण रोग्याकडून फक्त रक्त घ्यायचे आणि शब्द घ्यायचा नाही, तर तक्त्यातून शेवटी एवढेच उरते की, 'ह्या लोकांचे रक्तच वाईट.' आणि हे वाक्य आपल्याला नवे नाही.

वस्तुतः विज्ञान उलटेच सांगते. ॲलिसन ह्यांनी १९५४ साली दाखवले की, ज्याला हे जनुक एकाच पालकाकडून मिळते त्या वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. डासांच्या, जंगलांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांच्या रक्तात ते म्हणूनच टिकले. ते दोन्ही पालकांकडून आले की मूल रोगी होते. पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य वेदना उठते. म्हणजे हे रक्त वाईट नव्हे. तो भूगोलाचा आणि श्रमाचा इतिहास आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा ह्या रोगाचा. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तिने एक वही ठेवली होती: दुखणे कोणत्या तारखेला उठले, कोठे उठले, आदल्या दिवशी काय झाले होते. पावसात भिजला, ताप होता, भर उन्हात क्रिकेट खेळला, विरार गाडीच्या गर्दीत दादरपासून उभा, पाणी प्यायला नाही. एकदा रात्री ती त्याला एका रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरने वही उघडली नाही. तो म्हणाला, "एवढे दुखत असेल तर पोरगा गप्प कसा?" बहीण म्हणाली, "चूप रायते तवाच जास्त असते, साहेब. रडते तवा कमी असते."

ह्या दोन वाक्यांत जेवढे वैद्यक आहे तेवढे त्या रात्री त्या खोलीत दुसऱ्या कोणाजवळ नव्हते. लहानपणापासून वेदना भोगलेले मूल रडून शक्ती घालवत नाही, ते आक्रसून पडून राहते. पण ते न रडणे 'दुखत नाही' ह्याचा पुरावा ठरते. आणि मोठेपणी तोच रोगी कण्हू लागला, वेदनाशामक मागू लागला की तो 'नाटक करतो' किंवा 'सुईची सवय लागली' असे म्हटले जाते. गप्प बसला तरी खोटा आणि बोलला तरी खोटा. ह्या न्यायाची आपल्या समाजाला चांगली ओळख आहे.

५

ही साक्ष संघटित झाली की काय होते, ह्याची तीन उदाहरणे इतिहासात आहेत.

पहिले अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाचे. आपण दलित पँथरचे त्यांच्याशी असलेले नाते नावापुरते सांगतो. त्यांचे मोफत दवाखाने विसरतो. १९७१ पासून त्यांनी सिकलसेलचा प्रश्न हाती घेतला. वस्त्यांत आणि उद्यानांत फिरून रक्त तपासले, आणि इतक्या काळ्या मुलांना छळणाऱ्या रोगावर सरकार खर्च का करीत नाही, असे जाहीर विचारले. मे १९७२ मध्ये तिथे सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेही हेच वर्ष. पण त्या कथेची दुसरी बाजूही विसरू नये. तपासणीचा अर्थ लोकांना नीट समजावला गेला नाही, तेव्हा निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दार अशा वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते.

दुसरे उदाहरण आपले, नागपूरचे. संपत रामटेके हे अभियंता. त्यांच्या मुलाला सिकलसेल होता. बापाने जे भोगले ते घरात न ठेवता इतर आईबापांना गोळा केले आणि सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, आणि त्यांत सिकलसेल नव्हता. कारण हा रोगी दोन दिवस धडधाकट दिसतो आणि तिसऱ्या दिवशी उठू शकत नाही. हे अपंगत्व डोळ्यांनी दिसत नाही, सांगितल्यावरच कळते. रामटेके आणि त्यांच्यासारखे पालक वर्षानुवर्षे तेच सांगत राहिले. २०१६ च्या कायद्यात एकवीस अपंगत्वे आली, आणि त्यांत सिकलसेल आहे. रोग्यांच्या आणि शुश्रूषकांच्या साक्षीला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली ती अशी.

तिसरे उदाहरण जमैकाचे. ह्या रोगात लहान मुलाच्या प्लीहेत, म्हणजे पानथरीत, एकाएकी रक्त साठते आणि काही तासांत मूल जाते. किंग्स्टनच्या डॉक्टरांनी आयांना मुलाचे पोट चाचपून प्लीहा वाढली की नाही हे ओळखायला शिकवले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे फळ दिसते: अशा दर शंभर प्रसंगांत पूर्वी २९ मुले दगावत, ती संख्या तीनवर आली. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. आईचा हात हा वैद्यकाचा हात आहे असे मानले, एवढ्याने हे झाले.

६

आता कोणी म्हणेल की, रोग्याचे सगळेच खरे मानायचे तर भगताचा अंगाराही मानावा लागेल. इथे एक फरक केला पाहिजे. दुखण्याची साक्ष वेगळी आणि दुखण्याचे कारण वेगळे. कोठे, केव्हा, किती दुखते आणि कशाने उतरते, ह्याचा अधिकार रोग्याचा आणि त्याच्याजवळ जागणाऱ्याचा. का दुखते, हे प्रयोगाने ठरवायचे. बाहेरची बाधा, देवीचा कोप, पूर्वजन्मीचे पाप ही कारणे आपण बाबासाहेबांबरोबर टाकून दिली, आणि सोपाऱ्याच्या नवव्या शिलालेखाने ती वाट फार पूर्वीच दाखवली होती. पण कारण चुकीचे सांगितले म्हणून साक्षही खोटी धरणे हा अन्याय आहे. 'पोरीला रात्री काहीतरी धरते' असे म्हणणाऱ्या आदिवासी बाईचे 'काहीतरी' चुकले असेल. 'रात्री धरते' हे खरे असते.

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्या बहिणीला अशीच एक वारली बाई भेटली. वसईच्या पूर्वेला वीटभट्टीवर काम करणारी. दोघींची बोली वेगळी, समाज वेगळा, रोगाचे इंग्रजी नाव एकीला धड येत नव्हते. पण तासाभरात दोघींनी एकमेकींना सगळे सांगितले. त्या बाईने मुलीच्या गळ्यात पाण्याची बाटली दोरीने बांधली होती, कारण तहान लागायच्या आधी पाणी प्यायले नाही तर रात्री पाय धरतात हे तिने स्वतः पाहून ठरवले होते. माझ्या बहिणीच्या वहीतही तेच होते. डॉक्टरही तेच सांगतात. तिघे तीन वाटांनी एका जागी आले. त्यातल्या दोन वाटांची नोंद मात्र कोठेच नाही.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. तपासणी झालीच पाहिजे, आणि वाहकांनी लग्नाआधी विचार करावा हेही योग्य. पण कोट्यवधी थेंब गोळा करताना निदान काही हजार माणसांना 'तुला काय होते?' असे विचारून ते लिहून ठेवले जाईल काय? नाही तर हाती कार्ड येईल आणि त्याचा रंग पाहून सोयरीक मोडेल. दोष बहुधा मुलीच्या कपाळी येईल. हे जनुक आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय मूल रोगी होत नाही, एवढे साधे सत्यही सांगणारे कोणी वस्तीत नसेल, तर तपासणी नव्या विटाळाचे हत्यार होईल.

म्हणून हे काम आपण सरकारवर टाकून मोकळे होता कामा नये. आपल्या माणसांनी आत्मकथने लिहिली तेव्हा 'हे काय साहित्य आहे?' असे विचारले गेले. आज तीच विद्यापीठांत शिकवली जातात. मग आपल्या आयांच्या वह्यांना 'हे काय वैद्यक आहे?' असे विचारले गेले तर आपण गप्प का राहावे? प्रत्येक विहारात, प्रत्येक पाड्यावर महिन्यातून एक दिवस रोग्यांनी आणि त्यांच्याजवळ जागणाऱ्यांनी एकत्र बसावे, एकाने लिहावे, आणि ती वही दवाखान्याच्या टेबलावर न्यावी. आदिवासी आयांना त्यात आवर्जून बोलवावे. त्यांचे ज्ञान आपल्याहून जुने आहे. आणि डॉक्टरने वही उघडली नाही तर दुसऱ्या महिन्यात दहा जणांनी मिळून न्यावी. विनयाने रोग्याला खरे सांगायला सांगितले. आपले लोक शतकानुशतके खरेच सांगत आले आहेत. आता ऐकणाऱ्यांना त्यांचे कर्तव्य दाखवून देण्याची वेळ आहे.